नाकावरचा निळा ठिपका

लोखंड सपाट असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते कधी घासलेलं नसतं. आनंदा लोहारांचं हे आवडतं वाक्य. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते ऐकावंच लागे, आणि ऐकून झाल्यावर चहाही त्यानंच सांगायचा. पण वाक्य खोटं नव्हतं. यंत्रानं कितीही गुळगुळीत केलेलं असो, लोखंडावर बारीक उंचवटे राहतातच. डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला लागत नाहीत. पण ज्या यंत्रावर दुसरी यंत्रं घडवायची, त्याला तेवढेही चालत नाहीत. मग एका अचूक सपाट लोखंडी पाटाला निळा रंग फासायचा. कारखान्यात त्याला नुसतं ‘ब्ल्यू’ म्हणतात. तो पाट कामावर ठेवून हलकेच सरकवायचा आणि जिथं निळं उठेल तिथं स्क्रेपर, म्हणजे लांब दांड्याची पटाशी, टेकवायचा. त्याची मूठ कमरेशी धरायची आणि अंगाचा रेटा देऊन धुळीएवढं लोखंड खरवडून काढायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. एका पाटाला आठवडाही लागतो.

यंत्रमानवांनी हे काम करून पाहिलं होतं. कुठं खरवडायचं ते त्यांना नेमकं कळे, पण किती, ते कळत नसे. ते लोखंडच हाताला सांगतं, आणि हातालाही ऐकायची सवय लागते.

आनंदा लोहारांनी, म्हणजे आण्णांनी, ही सवय आपल्या मुलीला लावली ती काही ठरवून नव्हे. प्रणोतीची आई अचानक गेली. पोर शाळेतून आल्यावर रिकाम्या घरात कशी ठेवायची, म्हणून ते तिला कारखान्यात आणून बसवत. बसून कंटाळली म्हणून हातात जुना स्क्रेपर दिला. पहिल्याच दिवशी रीत सांगितली: हत्यार आधी कपाळाला लावायचं, ज्यानं शिकवलं त्याला डोळ्यांपुढं आणायचं, मग कामाला हात घालायचा. आण्णा स्वतः आपल्या वारलेल्या उस्तादांना, मिरजेच्या कासमभाईंना, आठवत.

“मी कुणाला आठवू?” प्रणोतीनं विचारलं होतं.

“मला आठव की! जिता हाय म्हणून काय झालं?”

बाकीचे मिस्त्री खो खो हसले. पण पोरीनं ते मनावर घेतलं. पुढं ज्या दिवशी तिचा पहिला पाट साधला, सगळीकडं सारखं निळं उठलं, त्या दिवशी आण्णांनी ब्ल्यूच्या डबीत बोट बुडवून तिच्या नाकाच्या शेंड्यावर ठिपका लावला. “पास!” म्हणाले. तो ठिपका चार दिवस निघाला नाही. शाळेत मुलं चिडवायची आणि ही मान ताठ करून फिरायची. तेव्हापासून प्रत्येक मोठं काम संपलं की ती येऊन आण्णांपुढं नाक करायची, अगदी लग्न होऊन, मोडून, पोर पदरात घेऊन माहेरी परत आल्यावरसुद्धा.

तिला जर्मनीच्या कंपनीनं नेलं त्याला आता चार वर्षं झाली होती. तिकडं परदेशी माणूस कामाला बोलवायचा तर कंपनीला आधी सरकारला पटवून द्यावं लागे, की हे काम येणारा आमच्याकडं कुणी उरलेला नाही. मग कंपनी त्या माणसाची स्पॉन्सर व्हायची आणि त्याचा व्हिसा कंपनीच्या दाव्याला बांधला जायचा. कंपनीनं हात काढला की बोचकं बांधायचं. घरच्यांना नेता येत नसे. प्रणोती गेली तेव्हा तिची मनवा पाच वर्षांची होती. आण्णांनीच तिला वाढवली. वेणी घालायला ते यूट्यूब बघून शिकले. ज्या बोटांनी लोखंड वठणीवर आणलं, त्यांना नातीच्या केसांनी मात्र घाम फोडला.

त्या दिवाळीत प्रणोतीचा व्हिडिओ फोन आला.

“आण्णा, मनवाला आणि तुला हिकडं आणायचा रस्ता निघालाय. कायमचा. नीट ऐक.” कोल्हापूरच्या मुलींसारखी ती घरी ‘मी आलो, मी गेलो’ असं पुरुषी बोलायची आणि जगाला अहोजाहो करणारी ही पोरगी बापाला अरेतुरे करायची. “नवा कायदा आलाय. माणूस उद्या निघून गेला तर त्याची कला देशात राहिली पायजे, असं सरकार म्हणतंय. म्हणून जो आपलं कौशल्य हितल्या माणसात ठेवंल, त्याला कायमचं राहता येतं. पोरगी आणि बाप दोघांनाबी परवानगी. कौशल्य-ठेव म्हणत्यात त्याला.”

“ठेव म्हंजे? शिकव की त्यांना. कोण नको म्हणतंय?”

“शिकवायला धा वर्षं लागत्यात आण्णा. तू मला किती वर्षं शिकवलास? हे डोक्यातनं डोक्यात हाय.”

मग तिनं सांगितलं. पडद्यावर तिच्याशेजारी डॉक्टर फोग्ट नावाची पिकल्या केसांची बाई येऊन बसली. तिचं जर्मन कानातल्या दुभाषी यंत्रातून आण्णांपर्यंत मराठी होऊन येत होतं, पण ते पुस्तकी मराठी त्यांना जर्मनपेक्षा फारसं जवळचं नव्हतं. प्रणोतीच मध्ये मध्ये सोपं करून सांगे. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेलं भांडं नव्हे. ती आठवली की मेंदूत मऊ पडते आणि काही तासांनी पुन्हा घट्ट होते. हाताची कलाही एक आठवणच. काम करताना ती मऊ असते. त्या वेळात डोक्यावर बसवलेल्या टोपीतून तिचा ठसा उचलता येतो आणि दुसऱ्या माणसाच्या मेंदूत झोपेत, थोडा थोडा उमटवता येतो. मात्र ठसा नीट उठायचा तर औषध देऊन ती आठवण बराच वेळ मऊ ठेवावी लागते. मग ती पहिल्यासारखी घट्ट होत नाही. दर बैठकीला थोडी विरते. शेवटी जाते.

आण्णा ओतकामाच्या गावचे. त्यांना लगेच समजलं. वाळूच्या साच्यात लोखंड ओतलं की वस्तू बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो.

“म्हंजे तुजा हात जाणार,” ते म्हणाले.

“हात ऱ्हाईल. हातातलं जाईल. मग मला तपासणीचं काम देणार हाईत. पगार कमी न्हाई.”

“विद्या दिल्यानं वाढती म्हणत्यात गं,” ते म्हणाले, “ही कसली विद्या, दिल्यानं जाणारी?”

प्रणोतीचे डोळे भरले. इकडं आण्णांच्या मागं पलंगावर मनवा उलटी लोळत चित्रं काढत होती. प्रत्येक चित्रात विमान. आण्णांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचा निर्णय झाला. बापाचं गणित फार लांबलचक नसतं.

“जाऊ दे कला. पोरगी तुज्याजवळ पायजे. आणि मी येतोयच न्हवं? पुन्ना पयल्यापासनं शिकवीन. अकरा वर्षांची व्हतीस तवा शिकलीस, आता न्हाई व्हय शिकणार?”

ती रडता रडता हसली. डॉक्टरीणबाईंनी जाता जाता एक ताकीद दिली. ठसा घेताना कामाखेरीज दुसरं काही मनात आणायचं नाही. त्या वेळात जे आठवाल तेही मऊ पडेल, आणि मऊ पडेल ते जाईल.

“ऐकलंस न्हवं?” आण्णा म्हणाले. “घरचा ईचार करू नगंस. मनवाचा तर अजाबात न्हाई. ती आली डोक्यात की काम थांबव.”

“थांबवतो.”

बापलेकींनी मनवाला असं चहूबाजूंनी जपलं. आणखी कुणाला जपायचं असतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

बैठका हिवाळाभर चालल्या. प्रणोतीची कला ज्याच्यात जायची तो माणूस योनास. चाळिशीचा, पूर्वी बस चालवायचा. बस आपल्या आपण चालायला लागल्या आणि हा घरी बसला. बरा माणूस आहे, प्रणोती सांगे, हाताला थोडी घाई आहे, पण आता माझ्या हातासारखा सबुरीनं चालायला लागलाय. आधी आधी ती गंमत करून सांगायची. आज स्क्रेपर उलटा धरला. आज ब्ल्यू इतका फासला की पाट पोळ्याच्या बैलासारखा दिसायला लागला. आण्णा हसत, आणि फोन ठेवल्यावर उगीचच आपली हत्यारं पुसत बसत.

एकदा त्यांनी विचारलं, “कामाला हात घालायच्या आदी कपाळाला लावतीस न्हवं हत्यार? का तिकडं लाज वाटती?”

“रोज आण्णा. न चुकता. त्यांनी टोपी चढवली तरी पयलं तेच.”

आण्णांना कोण अभिमान वाटला! लेक सातासमुद्रापार गेली तरी रीत विसरली नाही. ते त्यांनी उद्यमनगरात चार लोकांना सांगितलं, आणि चहा त्या दिवशी स्वतः पाजला.

पुढं पुढं फोन आखूड होत गेले. ती आधी मनवाला मागायची. मनवाशी तासभर बोलायची, आणि आण्णा आले की घुटमळायची. “तब्येत बरी आहे ना? औषधं घेता ना?” घेता ना! आण्णांना ते टोचलं. मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली, की थकली असेल पोर, आणि चार वर्षं परक्या देशात राहून माणूस जरा औपचारिक होतोच. परवानगी आली, तिकिटं आली, आणि आण्णांनी कासमभाईंनी दिलेला स्क्रेपर मऊ फडक्यात गुंडाळून सामानात घातला. पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं होतं ना.

विमानतळाच्या दारातून मनवा सुसाट धावली. “आई, मी आलो!” आणि प्रणोतीनं तिला उचलून असं काही छातीशी धरलं की आजूबाजूचे जर्मन लोकही थांबून पाहायला लागले. आण्णा ट्रॉली धरून मागं उभे राहिले. त्यांना घाई नव्हती. आधी मायलेकींचं होऊ दे.

मग ती त्यांच्याकडं वळली. वाकून नमस्कार केला. “प्रवास नीट झाला ना तुमचा? बॅग द्या इकडं, जड असेल.”

जुन्या ओळखीच्या माणसाचे वडील आले म्हणजे आपण बोलतो, तसं.

घरी तिनं त्यांची खोली मोठ्या काळजीनं लावली होती. उशाशी गरम पाण्याची किटली, भिंतीवर कोल्हापूरचा फोटो, पायात घालायला लोकरीचे मोजे. कशातही कसूर नव्हती. सकाळी तिनं चहा टाकला आणि विचारलं, “तुम्ही साखर घेता का?”

वयाच्या अकराव्या वर्षापासून ती त्यांचा चहा करत आली होती. तीन चमचे साखरेवरून त्यांच्याशी भांडत आली होती.

“प्रणू,” आण्णा म्हणाले, “हिकडं बस. मी तुजा कोण?”

“आण्णा. माझे वडील.” शाळेत मुलं उत्तर देतात तसं तिनं चटकन सांगितलं, आणि लगेच तिचा चेहरा कोसळला. “मला माहीत आहे सगळं. आई गेल्यावर तुम्हीच वाढवलंत. मनवाला तुम्हीच सांभाळलंत. मी तुमचे फोटो रोज बघते. पण बघून काही होत नाही हो! एखाद्या चांगल्या माणसाबद्दल कुणीतरी सांगितलेलं असावं, तसं वाटतं. आई आठवते, शाळा आठवते, कारखान्याचं दारही आठवतं. आत कुणी नसतंच. मला वाटलं, तुम्ही समोर आलात की येईल परत. म्हणून बोलले नाही.”

मनवा घास हातात धरून दोघांकडं पाहत होती. “आई, अगं आण्णा हैत ते,” ती हळूच म्हणाली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण आता लेकीच्या डोक्यावर ठेवायची त्यांची छाती होत नव्हती.

डॉक्टर फोग्टनी सगळ्या बैठकांचे आलेख काढून पाहिले. बाई प्रामाणिक होती. तिनं पुन्हा पुन्हा पाहिले, चष्मा काढून ठेवला, आणि मग बोलली. प्रत्येक बैठकीच्या अगदी सुरुवातीला, लोखंडाला स्क्रेपर लागायच्या आधी, एक जोरदार लाट दिसते. दरवेळी तीच, तशीच. आम्हाला वाटलं, हात तयार होण्याची ही पहिली पायरी आहे, कौशल्याचाच भाग आहे. म्हणून आम्ही तीही उचलली.

आण्णांना आलेखातलं काही कळत नव्हतं. पण त्या पहिल्या उभ्या रेघेकडं बघता बघता त्यांचा उजवा हात आपसूक कपाळाकडं गेला आणि तिथंच थांबला.

“प्रणू,” त्यांनी विचारलं, “हत्यार कपाळाला लावताना तू कुणाला आठवायचीस?”

तिनं खरोखरच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. “ते नाही सांगता येत आता,” ती म्हणाली. “कुणाला आठवायचं असतं?”

“मला आठव की! जिता हाय म्हणून काय झालं?” इतक्या वर्षांपूर्वी हसत हसत सोडलेलं वाक्य आज फिरून त्यांच्याच छातीवर येऊन आदळलं. हत्यार कपाळाला लावण्याला ती आठवण समजतच नव्हती. श्वास घेतल्यासारखं ते करत होती, आणि दर खेपेला बापाचा एक एक पापुद्रा काढून देत होती. आणि ते? ते इकडून फोनवर विचारत होते, लावतीस न्हवं कपाळाला?

“हे उलटं फिरवता येतं का?” त्यांनी बाईंना विचारलं.

येत नाही, बाई म्हणाली. त्या माणसातून काढायचं म्हटलं तर तो रिकामा होईल, आणि तिच्यात परत बसेलच असं नाही. शिवाय करारानं ठेव कंपनीची झालेली आहे. मला फार वाईट वाटतं, ती म्हणाली, आणि तिला वाटतही होतं. नव्यानं ओळख होऊ शकते, ती म्हणाली. वेळ द्या. आण्णांनी मान हलवली. या वयात आपल्याकडं वेळ किती शिल्लक आहे, हे काही तिला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीनं त्यांना कारखाना बघायला बोलावलं. प्रणोतीची ठेव पूर्ण झाल्यानंतरचं योनासचं पहिलं मोठं काम त्या दिवशी संपत होतं. आण्णांना जायचं नव्हतं. पण प्रणोती म्हणाली, “चला ना, तुम्हाला आवडेल,” आणि तिच्या आवाजात त्यांना खूश करायची इतकी धडपड होती की ते निघाले. मनवाही बरोबर आली.

योनास उंच, टक्कल पडलेला, लाजाळू माणूस निघाला. आण्णा दारातून आले तेव्हा त्याची पाठ त्यांच्याकडं होती. त्यानं पाटावर निळं पाहिलं, एक जागा हेरली, स्क्रेपर उचलला आणि कपाळाला लावला. डोळे मिटून क्षणभर थांबला. मग मूठ कमरेशी धरून, डावा पाय जरासा तिरका ठेवून रेटा दिला. तो तिरका पाय आण्णांचा होता. प्रणोतीनं तो लहानपणी त्यांचं बघून उचलला होता आणि ते तिला त्यावरून कितीदा ओरडले होते. सरर, सरर, लोखंडाचा तोच आवाज. आण्णांना उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्याची खिडकी दिसली, तिच्यापुढं लाकडी खोक्यावर उभी राहिलेली दोन वेण्यांची पोर दिसली. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

योनासनं अचूक पाट सरकवून शेवटचा निळा ठसा घेतला. निळं सगळीकडं सारखं उठलं. योनास मागं वळला आणि त्याला आण्णा दिसले.

त्यानं त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते विमानतळावर आण्णांनी लेकीच्या चेहऱ्यावर शोधलं होतं. आनंद, धाक, थोडा लाड. त्याचे डोळे भरून वाहू लागले आणि आपल्याला काय होतंय हे त्याला कळेना. कानातलं यंत्र त्याचं जर्मन मराठीत सांगू लागलं: “क्षमा करा. मी आपल्याला ओळखतो. कसा ते मला माहीत नाही. आपल्या शर्टाला तेलाचा आणि कापराचा वास येतो. आपण रागावलात तरी मला भीती वाटत नाही.” मग तो खाली वाकला, एवढा उंच माणूस, आणि तसाच उभा राहिला. नाक पुढं करून.

आण्णांना वाटलं, पळून जावं. हे माझ्या पोरीचं आहे, असं ओरडून सांगावं. पण तो वाट पाहत होता, तिच्यासारखीच, पापण्या घट्ट मिटून. आणि काम खरंच साधलं होतं. कासमभाईंनी शिकवलेलं होतं, काम साधलं की पास म्हणायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही.

त्यांनी डबीत बोट बुडवलं. योनासच्या नाकाच्या शेंड्यावर त्यांनी निळा ठिपका लावला. “पास,” ते म्हणाले. योनास लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

मनवानं टाळ्या वाजवल्या. प्रणोतीनंही वाजवल्या. आण्णांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर छान हसू होतं, परगावी गेल्यावर तिथली एखादी गोड पद्धत बघून माणसं हसतात तसं. ती पुढं आली, पर्समधून कागदी रुमाल काढला आणि मोठ्या काळजीनं त्यांच्यापुढं धरला.

“बोट पुसा आधी,” ती म्हणाली. “तो रंग कशाला लागला तर चार चार दिवस निघत नाही म्हणतात.”